घाऱ्या डोळ्यांची जोडी

डोळेवाल्या बाईंशी कुणी बोलायला बसलं की पाच मिनिटांत अवघडून जायचं. बाई चेहऱ्याकडे बघून बोलतच नसत. थेट डोळ्यांत बघत. आधी एकात, मग दुसऱ्यात, मग पुन्हा पहिल्यात. भाजीवाल्याला वाटे, बाईंना आपल्या वजनाचा संशय आलाय. बँकेतल्या मुलीला वाटे, आपण काहीतरी चुकीचं बोललो. बाईंच्या मनात तसलं काही नसे. समोरच्याच्या बुबुळाभोवतीची करडी कड किती जाड आहे आणि पांढऱ्या भागात पिवळट झाक नेमकी कुठून सुरू होते, एवढंच त्या बघत असत. चाळीस वर्षं खोटे डोळे घडवण्यात गेली होती. सवय जाणार कशी?

मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत, औषधाच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि वन्सं. वन्सं म्हणजे बाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण. नवरा पंधरा वर्षांपूर्वी गेला, वन्संचे यजमान त्याच्याही आधी गेलेले, तेव्हा दोघींनी एकत्र राहायचं ठरवलं. आलेल्या माणसाचं कार्ड लिहायचं काम वन्संनी स्वतःहून अंगावर घेतलं, आणि कार्डात नाव, वय, कुठला डोळा यांच्याखाली 'स्वभाव' असाही एक रकाना स्वतःहूनच वाढवला.

मागच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीखाली बाईंचं काम चाले. माणसाच्या रिकाम्या खोबणीचा ठसा घ्यायचा, त्यावरून मेणाचा डोळा, मेणावरून प्लास्टरचा साचा, साच्यात पांढरं अ‍ॅक्रिलिक भरून ते उकळत्या पाण्यात पिकवायचं. बुबुळ एका छोट्या चकतीवर रंगवायचं, तीन केसांच्या कुंचल्याने, थरावर थर देत. शिरांसाठी तांबड्या रेशमाच्या धाग्याचे तंतू सोडवून चिकटवायचे. शेवटी वर पारदर्शक थर आणि झिलई. एका डोळ्याला सहा दिवस लागत.

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. विशीत असताना त्या कवळ्या करणाऱ्या एका कारखान्यात दातांना रंग देत. तिथल्या दंतवैद्यांचे एक मास्तर मित्र होते, त्यांचा डोळा गेला. दंतवैद्य म्हणाले, "दाताला रंग देतेस, तसा डोळ्याला दे की." बाईंनी दिला. तो पहिला डोळा इतका भयानक झाला होता की आठवला की त्या अजून डोक्याला हात लावत. पण मास्तरांनी तो दोन वर्षं आनंदाने वापरला. मास्तर नेमके कुणाकडे बघताहेत हे मुलांना कळत नसे, त्यामुळे वर्गात म्हणे सुई पडली तरी ऐकू येई.

तर अशा या खोलीत एका सकाळी एक ताडमाड उंच माणूस दारात वाकून आत आला. पस्तिशीचा असेल. हातात एक पेटी, ती त्याने झोपलेलं मूल धरावं तशी धरली होती.

"मला डोळे करून हवेत," तो म्हणाला.

बाईंनी सवयीप्रमाणे त्याचे डोळे बघितले. दोन्ही धडधाकट होते. "कुणासाठी?"

"एका बाईंसाठी. त्या स्वतः येऊ शकणार नाहीत."

वन्संनी कार्ड पुढे ओढलं. "वय?"

"असेल तीस-पस्तीस."

"डावा की उजवा?"

"दोन्ही."

"अगंबाई," वन्संचा स्वर एकदम मऊ झाला. "काय झालं हो बिचारीला?"

"त्या वारल्या," तो म्हणाला. "आठ हजार वर्षांपूर्वी."

वन्संनी पेनाला टोपण लावलं आणि वहिनीकडे बघितलं. या माणसाला परस्पर बाहेर काढायचं की आधी चहा द्यायचा, असा तो प्रश्न होता. बाई म्हणाल्या, "चहा टाका."

चहा पिता पिता सगळा उलगडा झाला. तो वस्तुसंग्रहालयात संशोधक होता. शहराबाहेरच्या डोंगरात एका कपारीत एका बाईचा सांगाडा सापडला होता, शिकार करून, फळंमुळं गोळा करून राहणाऱ्या लोकांपैकी होती ती. कवटीवरून तिचा चेहरा घडवून झाला होता. पेटीत त्या कवटीची प्लास्टरची प्रतिकृती होती, डोळ्यांच्या खोबणींचं माप घ्यायला आणलेली.

"आणि डोळ्यांचा रंग तुम्हाला कुणी सांगितला?" बाईंनी विचारलं. "डोळे तर सगळ्यात आधी जातात."

"कानाच्या आतलं हाड असतं ना, ते शरीरातलं सगळ्यात टणक. त्याची चिमूटभर पूड घेतली. त्यात डीएनए शिल्लक होता. म्हणजे वाळवीने खाल्लेल्या वहीसारखा, तुकडे तुकडे. पण तुकडे लाखो होते. एकावर एक जुळवत गेलं की वाचता येतं." तो पुढे सरकला. "त्यावरून असं दिसतं की बाईंचे केस काळे. कातडीही काळी, चांगली गडद. आणि डोळे निळसर करडे. अगदी शपथेवर नाही सांगता येत, पण शक्यता खूप मोठी आहे."

"काळ्या चेहऱ्याला निळे डोळे?" वन्संना राहवेना. "तुमचं मशीन एकदा तपासून घ्या."

वन्संचा याबाबतीत अधिकार होता, निदान त्यांना तसं वाटे. त्या लख्ख गोऱ्या होत्या. बाई लग्न होऊन घरात आल्या तेव्हा वन्संचं पहिलं वाक्य होतं, "मुलगी हुशार दिसते, रंगाचं काय एवढं." बाईंनी ते छत्तीस वर्षं जपून ठेवलं होतं आणि वर्षातून एकदा तरी बाहेर काढून वन्संना दाखवत असत.

"मशीन बरोबर आहे," संशोधक म्हणाला. "डीएनएतली कातडीचा रंग ठरवणारी अक्षरं वेगळी, डोळ्यांची वेगळी. त्या काळात या भागातल्या शिकारी लोकांमध्ये उजळ डोळे बऱ्यापैकी पसरले होते, पण कातडी गडदच होती. गोरेपणाची अक्षरं बरीचशी मागून आली. शेती करणारे लोक दुसरीकडून आले त्यांच्याबरोबर काही, त्यानंतर आणखी काही. आणि मग हजारो वर्षांत हळूहळू वाढत गेली."

"का वाढली?"

"एक अंदाज असा, की ऊन कमी असलं आणि खाणं मुख्यतः धान्याचं असलं, तर उन्हातून मिळणारं जीवनसत्त्व उजळ कातडीला जास्त मिळतं. पण सगळं अजून कळलेलं नाही."

"म्हणजे गोरे लोक त्या मानाने नवे?"

"तसे ताजेच म्हणायचे."

वन्संनी क्षणभर विचार केला. "म्हणजे आम्ही आधुनिक," त्या म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

बाईंनी तोवर खण उघडून दोन चकत्या काढल्या होत्या. "साहेब, एक गंमत दाखवते. ही माझी पहिली निळी. निळा रंग आणला आणि फासला. बघा, खेळण्यातल्या बाहुलीचा डोळा झालाय. मग वर्षभर निळ्या डोळ्यांचा एक माणूस दिसला की मी त्याच्याकडे टक लावून बघायचे, दोनदा शिव्याही खाल्ल्या. तेव्हा कळलं की डोळ्यात निळा रंग नसतोच. मागे काळोख ठेवायचा आणि त्याच्यावर धुरकट दुधाळ थर, अगदी विरळ. निळं आपोआप दिसायला लागतं." त्यांनी दुसरी चकती उजेडात धरली. "यात निळा रंग मोहरीएवढासुद्धा नाही."

संशोधक उठून उभाच राहिला आणि त्याचं डोकं दिव्याला लागलं. "अहो, हेच! डोळ्याच्या पुढच्या पडद्यात तपकिरी द्रव्य कमी पडलं की उजेड विखुरतो आणि निळं दिसतं. तो बदल एका अक्षराचा आहे. रंग सोडणारा नळ जरा घट्ट पिळल्यासारखा. हे समजवायला मला वर्गात अर्धा तास लागतो!"

बाईंनी काम घेतलं. एक अडचण मात्र त्यांनी कुणाला सांगितली नाही. चाळीस वर्षांत त्यांनी एका माणसाला दोन डोळे कधी केलेच नव्हते. कायम एक डोळा समोर जिवंत असे आणि त्याची नक्कल करायची असे. इथे समोर कुणीच नव्हतं.

तीन आठवड्यांनी डोळे तयार झाले. वस्तुसंग्रहालयाच्या तळघरातल्या खोलीत तो चेहरा एका खांबावर ठेवला होता. काळीभोर कातडी, रुंद गालफडं, ओठांच्या कोपऱ्यात थकल्यासारखी एक घडी, भुवयांचा एकेक केस सुईने रोवलेला. डोळे बसवले. संचालक, संशोधक, दोन कारागीर, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाई समोर उभ्या राहिल्या. डाव्या बाजूने बघितलं, उजव्या बाजूने बघितलं. मग म्हणाल्या, "काढा ते."

"का?" संचालक घाबरले. "उत्तम झालेत की!"

"एका साच्यातली दोन बटणं झालीत. माणसाचे दोन डोळे असे सारखे नसतात. ही बाई कुणाकडेच बघत नाहीये." आणि स्वतःच पुढे होऊन त्यांनी दोन्ही डोळे काढून पर्समध्ये टाकले. उद्घाटनाला पाच आठवडे उरले होते.

घरी येऊन त्यांनी खण उपसले. केलेल्या प्रत्येक डोळ्याची नमुना चकती त्या पाकिटात जपून ठेवत. काळा चेहरा आणि उजळ डोळे. असं कुणीतरी आलं होतं, नक्की आलं होतं. दुपारभर शोधल्यावर पाकीट सापडलं आणि वन्संचं कार्डही. बारा वर्षांपूर्वीचं. 'वेल्डर. उजवा डोळा. रंग घारा. तपकिरी मागतो आहे. वहिनीने दिला नाही. स्वभाव: गप्प.'

मग बाईंना सगळं आठवलं. कामावर ठिणगीबरोबर लोखंडाची कपची उडून त्याचा डोळा गेला होता. खुर्चीत बसून तो पहिलं वाक्य बोलला होता, "बाई, हा तपकिरी करता येईल? निदान एक तरी." त्यांना ते त्या वेळी विचित्र वाटलं होतं. त्यांनी समजूत घालून घाराच केला होता. तो तसाच मान खाली घालून गेला आणि पुन्हा कधी आला नाही.

बोटी दुरुस्त करायच्या आवारात तो सापडला. एका उलट्या बोटीच्या पोटाशी ठिणग्यांचा फवारा चालला होता. बाईंनी लांबूनच हाक मारली. ठिणग्या थांबल्या, मुखवटा वर झाला. पन्नाशी उलटलेला, काळाकभिन्न, आडव्या हाडाचा माणूस, आणि त्या चेहऱ्यात पावसाळी आभाळाच्या रंगाचा एक डोळा. दुसरा मात्र पार भुरकट झाला होता.

"बारा वर्षं!" बाई कडाडल्या. "दरवर्षी झिलईला यायचं सांगितलं होतं. हा डोळा आहे की घासलेली काच? खुपत नाही?"

"खुपतो," तो हसला. "चहा घेणार, बाई?"

लाकडाच्या ओंडक्यावर बसून बाईंनी त्याला सगळी हकीकत सांगितली. कपारीतली बाई, काळी कातडी, घारे डोळे. शेवटी म्हणाल्या, "चार रविवार माझ्या खिडकीपाशी बसशील का? तुझ्या डोळ्यावरून करते."

त्याचं हसू मावळलं. "तेवढं सोडून काहीही सांगा. दाराला लोखंडी जाळी हवी असेल तर करून देतो."

"का रे?"

त्याने कप ओंडक्यावर ठेवला. "आमच्या घरात सगळे काळ्या डोळ्यांचे. आई, वडील, तिघे भाऊ. मी एकटा असा. मी जन्मलो तेव्हा थोरल्या काकूने पाळण्यात डोकावून बघितलं आणि चारचौघांत म्हणाली, 'हे डोळे आपल्या घरातले नव्हेत.' झालं. त्या एका वाक्यावर आईने पन्नास वर्षं काढली. शाळेत मुलं मला विचारायची, तुझा बाप कोण. मी हे काम का धरलं ठाऊक आहे? डोळ्यांवर काळी काच असते."

बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "झिलईला मात्र ये."

तीन दिवसांनी फोन वाजला. वन्संनी उचलला आणि कानापासून वीतभर लांब धरला, इतका पलीकडचा आवाज खणखणीत होता. "मी वेल्डरची आई बोलतेय! त्या मेलेल्या बाईच्या डोळ्यांचं काय सांगितलंत माझ्या मुलाला? तो दोन दिवस नीट जेवला नाही. उद्या या माझ्याकडे. आणि तो हाडांचा डॉक्टर का कोण, त्यालाही आणा."

वेल्डरची आई ऐंशीची, शिडशिडीत आणि ताठ. तळमजल्यावरच्या तिच्या खोलीत शिवणयंत्र होतं आणि भिंतीवर नवऱ्याचा फोटो. वेल्डर दाराशी भिंतीला टेकून उभा होता, जणू कुठल्याही क्षणी निघून जाईल. म्हातारीने संशोधकाला समोर बसवलं. "हं. बोल. काळ्या डोळ्यांच्या आईबापांना घारं मूल होतं की नाही?"

"होतं, आजी."

"कसं ते मला समजेल असं सांग. मला शाळा चारच वर्षं मिळाली."

संशोधकाने इकडेतिकडे बघितलं. शिवणयंत्रावर बटणांचा डबा होता. त्याने चार बटणं काढली, दोन काळी, दोन करडी. "प्रत्येक माणसाकडे या गोष्टीची दोन बटणं असतात. एक आईकडून येतं, एक बापाकडून. खरं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे, पण ढोबळमानाने असं धरा. काळं बटण वर असलं की खालचं करडं दिसत नाही. तुमच्याकडे एक काळं, एक करडं. डोळे काळेच दिसणार. आजोबांकडेही तसंच."

"म्हणजे माझ्याकडे एक लपलेलं, आणि यांच्याकडे एक लपलेलं." म्हातारीने फोटोकडे हनुवटीने खूण केली.

"हो. मुलाला प्रत्येकाकडून एकच बटण मिळतं. कुणाला दोन्ही काळी, कुणाला एक-एक. आणि एखाद्याच्या वाट्याला दोन्ही करडी येतात. साधारण चारातून एकदा."

म्हातारीने दोन्ही करडी बटणं उचलून तळहातावर ठेवली. "मला चार मुलं."

"मग अगदी नियमाला धरून आहे," संशोधक म्हणाला. मग जरा चाचरत म्हणाला, "तुमची इच्छा असेल तर लाळेचा नमुना घेऊन तपासता येईल. म्हणजे घरातल्यांचीही..."

"तपासायचं काय त्यात?" म्हातारी ताडकन म्हणाली. "मला माहीत आहे की! बाकीच्यांना माहीत नव्हतं, मला नव्हे." तिचा आवाज खाली आला. "यांनी कधी विचारलं नाही मला. एका शब्दाने नाही. सगळे म्हणायचे, किती चांगला नवरा. पण विचारलं असतं तर बरं झालं असतं. मला 'नाही' म्हणता तरी आलं असतं."

मग दाराकडून वेल्डरचा आवाज आला. "बाई, रविवारी किती वाजता येऊ?"

चार रविवार तो उत्तरेच्या खिडकीपाशी बसला. पहिल्या दिवशी खुर्चीच्या कडेवर, पाहुण्यासारखा. दुसऱ्या रविवारी वन्संनी त्याला त्यांच्या पेटीचं मोडलेलं कुलूप दाखवलं, तिसऱ्या रविवारी खिडकीचं बिजागर, आणि चौथ्या रविवारी तो स्वतःच हत्यारं घेऊन आला. बाई मात्र त्याला उठू देत नसत. जवळून बघितल्यावर त्यांना त्या एका डोळ्यात काय काय सापडत गेलं. बाहुलीभोवती मधाच्या रंगाची एक तुटकी रिंग होती. खालच्या बाजूला एक तपकिरी ठिपका होता, बारा वर्षांपूर्वी तो नव्हता, किंवा त्यांच्या नजरेतून सुटला होता. कडेच्या करड्या पट्ट्याला वयाने पांढुरकी झालर आली होती. ती त्यांनी सोडून दिली, कारण कपारीतली बाई तरुण होती.

डावा डोळा जसाच्या तसा त्याच्यावरून झाला. उजव्याला त्यांनी थोडी सूट दिली. रिंग जरा अरुंद, ठिपका नाही, धुरकट थर एका बाजूला किंचित दाट. "बहिणी वाटल्या पाहिजेत," त्या वन्संना म्हणाल्या, "जुळ्या नकोत." आणि तेवढ्याच सवडीत त्यांनी एक तिसराही केला, वेल्डरसाठी, ठिपक्यासकट आणि पांढुरक्या झालरीसकट. तो बसवून आरशात बघताना त्याने या वेळी रंगाबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त म्हणाला, "म्हातारा झालो की हो मी."

"दोन्ही बाजूंनी सारखाच झालास," बाई म्हणाल्या.

उद्घाटनाला सकाळी गर्दी झाली. संचालकांना धाकधूक होती. पाठ्यपुस्तकांतल्या जुन्या चित्रांत अशी माणसं कायम गोरी काढलेली, आणि पहिल्या दहा मिनिटांत दोघांनी येऊन विचारलंही, की डोळे चुकून दुसऱ्या पुतळ्याचे तर बसले नाहीत ना. संशोधक एकेकाला बाजूला घेऊन समजावत होता. शाळेच्या मुली मात्र काचेला नाक लावून उभ्या होत्या, आणि कुठूनही बघितलं तरी ती आपल्याकडेच बघते यावर त्यांचं एकमत झालं होतं. बाईंनी ते ऐकलं आणि कुणाला दिसू नये म्हणून वन्संच्या पाठीमागे सरकून डोळे पुसले.

अकराच्या सुमाराला वेल्डरची आई आली. एका बाजूला वेल्डर, आणि दुसऱ्या बाजूला तिने हाताला धरून आणलेली एक जाडजूड, चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी.

"ही माझी थोरली जाऊ," तिने बाईंना ओळख करून दिली. "हिला म्हटलं, चल, तुला एक बाई दाखवते."

बाईंनी वेल्डरकडे बघितलं. त्याने खांदे उडवले. म्हणजे हीच ती पाळण्यात डोकावलेली काकू.

दोघी म्हाताऱ्या काचेपाशी गेल्या. थोरल्या जावेने चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. काळा चेहरा, घारे डोळे. तिने वळून वेल्डरकडे बघितलं, मग पुन्हा काचेकडे.

"अगं, हे तर तुझ्या मुलाचे डोळे," ती म्हणाली.

"त्याचे कुठले?" वेल्डरची आई म्हणाली. "ही त्याच्या आठ हजार वर्षं आधीची. असे डोळे इथे आपल्या सगळ्यांच्या आधीपासून आहेत. कुणाच्या घरात कधी वर येतील सांगता येत नाही. शिकलेल्या माणसाने बटणं मांडून दाखवलंय मला."

थोरल्या जावेने पदर सावरला. मग म्हणाली, "तेव्हा मला काय कळत होतं? लहान होते मी."

"बत्तीस वर्षांची होतीस. दोन मुलांची आई होतीस."

"तुला सगळं नको तेव्हा आठवतं!"

"पन्नास वर्षं दुसरं काही आठवायला तू ठेवलंस कुठे?"

वन्संनी बाईंचा दंड घट्ट धरला होता. आता इथे रण माजणार, असं दोघींना वाटलं. पण थोरल्या जावेने काचेवर हात टेकला आणि खाली बघत, कुणाला उद्देशून ते न सांगता, म्हणाली, "चुकलं माझं. फार चुकलं." आणि लगेच, एवढं बोलून बसल्याचा राग आल्यासारखी, "ही बया सारखी माझ्याकडेच का बघतेय?"

"सगळ्यांना तसंच वाटतंय," बाई पटकन म्हणाल्या.

वेल्डरची आई आधी गालात हसली, मग तिला हसू आवरेना. ती हसता हसता काचेजवळच्या बाकावर बसली आणि जावेला शेजारी ओढून घेतलं. "बस. उभी राहिलीस तर गुडघे बोलतील तुझे. नाक बघितलंस का तिचं? थेट आपल्या सासूबाईंचं."

"हो गं! आणि तोंडही तसंच, आता रागावेल असं."

सासूबाईंची उणीदुणी काढण्यात दोघी म्हाताऱ्यांची दहा मिनिटं कशी गेली ते त्यांनाही कळलं नाही. मग थोरल्या जावेने वेल्डरला बोटाने जवळ बोलावलं. "इकडे ये. वाक जरा. अजून खाली."

बावन्न वर्षांचा तो माणूस गुडघ्यांवर हात ठेवून लहान मुलासारखा वाकला. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला आणि नीट, शांतपणे बघितलं.

"छान आहेत की रे," ती म्हणाली.

"त्यातला एक बाईंनी केलेला आहे, काकू."

"हो का? कुठला?"

"तुम्हीच सांगा."

थोरल्या जावेने चष्मा नाकावर वर ढकलला. एका डोळ्यात बघितलं, मग दुसऱ्यात, मग पुन्हा पहिल्यात. म्हातारीने बोट उचललं आणि ठामपणे डाव्या डोळ्याकडे दाखवलं. "हा. हा खोटा. लगेच कळतंय."

वेल्डरने तो डावा, जन्माचा डोळा मिचकावला. त्यातून पाणी वाहत होतं.

बाई वन्संच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "घरी गेल्यावर हे कार्डावर लिहून ठेवा हं."